सात वाटे दाब

नोकरीतून सुटलेल्या माणसाला काहीतरी वेड लागतंच. ओकाया गावातल्या कुनिहिको ओगुचीला धार लावायचं वेड लागलं. अडतीस वर्षं त्यानं गावाच्या पाणीपुरवठा खात्यात काढली होती. पाइप, पाने आणि व्हॉल्व्ह यांपलीकडे जगात काही असतं याची त्याला फारशी खबर नव्हती. निवृत्तीनंतर सहा महिने तो बायकोच्या पायांत पायांत आला. मग माळ्यावर वडिलांचा धारेचा दगड सापडला आणि त्यानं घरातली भाजीची सुरी अशी लखलखीत करून ठेवली, की तोमोएनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पहिल्याच दिवशी मुळ्याबरोबर अंगठाही चिरून घेतला.

तेवढ्यावर थांबला असता तर तो कुनिहिको कसला! त्यानं आणखी तीन दगड आणले, जाड, मध्यम आणि मऊ. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वस्तीच्या सभागृहात पाण्याची बादली घेऊन तो बसायला लागला. आजूबाजूच्या बायका वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सुऱ्या आणायच्या आणि जाताना त्याला मास्तर म्हणायच्या. "ओगुची मास्तर, काल टोमॅटो नुसता सुरी बघून फाकला हो!" असं कोणी म्हटलं, की हा मान खाली घालून म्हणायचा, "छे छे, दगड चांगला आहे." आणि मग आठ दिवस घरात छाती काढून फिरायचा.

तोमोएला असं कोणी मास्तर म्हणत नव्हतं, पण खरी कारागीर होती ती. अठराव्या वर्षी ती तळ्याकाठच्या कॅमेऱ्याच्या कारखान्यात लागली आणि कारखान्याला कुलूप लागेपर्यंत, सव्वीस वर्षं, तिथेच राहिली. त्यानंतर बावीस वर्षं घरात, उत्तरेकडच्या खिडकीखाली टेबल टाकून, ती जुने कॅमेरे दुरुस्त करत होती. टेबलावर निळं फडकं, स्क्रू घरंगळू नयेत म्हणून कडांचं ताट आणि लाकडी पेटीत बारा बारीक स्क्रू ड्रायव्हर. ते कारखान्यातले होते. तिथे प्रत्येक मुलीचे ड्रायव्हर तिचे स्वतःचे असत. ती ते आपल्या हातानं घासून स्क्रूच्या खाचेला बसते करी, आणि दुसरीला देत नसे.

पहिल्या दिवशी तिथल्या मुकादमबाईनं तिच्यासमोर कॅमेरा ठेवलाच नव्हता. ठेवला होता स्वयंपाकघरातला वजनकाटा. त्याच्या पारड्यावर ड्रायव्हरनं दाब देत बसायचं, दिवसभर. सात वाटे दाब, तीन वाटे पीळ. आधी दाबायचं, मगच फिरवायचं. नुसतं फिरवायला गेलं की टोक उडी मारतं आणि स्क्रूचं डोकं चावून टाकतं. अजूनही एखादा स्क्रू हट्टाला पेटला, की तोमोए ओठांत पुटपुटायची, "सात-तीन, सात-तीन." खालच्या मजल्यावर चहा पिणाऱ्या कुनिहिकोला जिन्यातून ते ऐकू यायचं आणि त्याला बरं वाटायचं.

गेली दोन वर्षं मात्र तोमोएच्या बोटांचे सांधे सुजत होते. त्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. ती बोलत नव्हती म्हणून तो बोलत नव्हता, आणि तो बोलत नाही म्हणून तिलाही वाटायचं, त्याच्या लक्षातच आलेलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी ती हात दाखवायला मात्सुमोतो शहरातल्या दवाखान्यात गेली. कुनिहिको तिच्या खोलीतल्या शेगडीत रॉकेल भरायला म्हणून वर गेला. पेटी उघडी होती. एरवी त्यानं त्या पेटीला कधी हात लावला नसता. पण धार लावायचं वेड लागलेल्या माणसाची नजर टोकावरच जाते. त्यानं एक ड्रायव्हर उचलून उजेडात धरला आणि हळहळला. टोक पार बोथट होतं, जणू कोणी कातरलेलं. दुसऱ्याचंही तसंच. बाराच्या बारा तसेच. एवढ्या कसबी बाईची ही हत्यारं? बिचारी अशा बोथट टोकांनी झटत बसते, मग बोटं सुजतील नाही तर काय होईल!

पाच तास तो दगडांसमोर उकिडवा बसला. फुलीच्या आकाराच्या टोकांना त्यानं सुईसारखी अणी काढली आणि चपट्या टोकांना पटाशीसारखी धार. मग प्रत्येकाला पुसून, तेलाचं बोट लावून, होते त्याच क्रमानं पेटीत ठेवून दिलं. सांगितलं काही नाही. त्याला तिच्या तोंडून ऐकायचं होतं, "अहो, आज हे ड्रायव्हर कसे लोण्यासारखे चालतायत!" त्यावर काय म्हणायचं तेही ठरलं होतं. छे छे, दगड चांगला आहे.

डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितली होती. पुढच्या मंगळवारी सकाळी तोमोए टेबलाशी बसली. मोमोसे नावाच्या फोटोवाल्याचा कॅमेरा आला होता. शाळाशाळांत पहिलीत येणाऱ्या मुलांचे फोटो तो दर एप्रिलमध्ये याच जुन्या कॅमेऱ्यानं काढायचा आणि दर तीन वर्षांनी कॅमेरा तोमोएकडे पाठवायचा, दुसऱ्या कोणाकडे नाही.

कुनिहिको खाली वर्तमानपत्र धरून कान टवकारून बसला. "सात-तीन," ऐकू आलं. मग काहीतरी खरकन घासल्यासारखं झालं. मग आणखी दोनदा. मग कितीतरी वेळ काहीच नाही.

तो वर गेला, तेव्हा ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. कॅमेऱ्याच्या काळ्या माथ्यावर दोन तांदळांएवढा पांढरा ओरखडा उठला होता आणि त्याच्या शेजारच्या स्क्रूची फुली चावल्यासारखी झाली होती.

"काय झालं गं?"

"निसटला."

"होतं असं कधीतरी."

"तुमच्या नळाला होत असेल." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "माझ्या हातून अठ्ठेचाळीस वर्षांत लोकांच्या कॅमेऱ्याला ओरखडा गेलेला नाही. तीन वेगवेगळे घेऊन बघितले. तिन्ही निसटले. हात गेला हो माझा."

आता कोणी म्हणेल, एवढी कसबी बाई, तिला टोक बदललेलं कळू नये? पण आपले दात आपल्या तोंडात आहेत ना, हे कोण रोज चाचपून बघतं? त्या पेटीला अठ्ठेचाळीस वर्षांत दुसऱ्याचा हात लागला नव्हता. आणि फरक होता तो केवढा, तर तिळाच्या टोकाएवढा. शिवाय दोन वर्षं एक भीती तिच्या मनात दबा धरून बसली होती. टोक निसटलं तेव्हा तिनं ड्रायव्हरकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलं.

कुनिहिकोच्या मनातही दुसरं काही आलं नाही. धार लावल्यावर वस्तू बिघडते हे त्याच्या कल्पनेच्या बाहेरचं होतं. उलट त्याला वाटलं, एवढी धार लावून दिली तरी निसटला, म्हणजे हात खरंच गेला असणार. त्या रात्री टबातल्या गरम पाण्यात बसून तो एकटाच रडला, नाक धरून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

बुधवारी तोमोए त्या खोलीत गेलीच नाही. दिवसभर, खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या पांघरुणात हात घालून बसली. त्यानं संत्रं पुढे केलं तर म्हणाली, "नको." चहा दिला तर दोन घोट घेण्यापुरते हात बाहेर आले आणि लगेच परत आत गेले, चोरी करताना कोणी पकडावं तसे. तिच्या आवडीचं हिरव्या पाल्याचं लोणचं त्यानं स्वतः चिरून बशीत मांडलं. ते तसंच राहिलं.

"मुलाकडे जाऊन येऊ या का चार दिवस?" त्यानं विचारलं.

"जाऊ या की. आता मला काय काम आहे?"

ती हे अगदी सरळ आवाजात म्हणाली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

गुरुवारी सकाळी तिनं मोमोसेंना चिठ्ठी लिहिली. माझा हात आता या कामाचा राहिला नाही, कॅमेऱ्याला ओरखडा माझ्याकडून गेला आहे, त्याची भरपाई करीन, दुसरा कारागीर शोधावा. शुक्रवारी दुपारी सामान न्यायला कुरिअरवाला यायचा होता. मग तिनं ड्रायव्हरची पेटी रुमालात बांधून नवऱ्यापुढे ठेवली.

"फुजीमोरींच्या दुकानात देऊन या. नवीन कोणी शिकत असेल तर त्याच्या कामी येतील. फेकू नका म्हणावं."

"अगं, पण..."

"आज द्या. उद्या मला देववणार नाही."

फुजीमोरींचं हत्यारांचं दुकान स्टेशनमागच्या गल्लीत होतं. नवरा गेल्यापासून हिसाआजी ते एकटी चालवायची. पंचाहत्तरी ओलांडली होती, कमरेत वाकली होती, जीभ मात्र ताठ होती. तिनं गाठ सोडली, पेटी उघडली, भिंग डोळ्याला लावलं आणि एक ड्रायव्हर उचलला. मग दुसरा. तिसरा पाहिल्यावर तिनं भिंग खाली ठेवलं.

"हे कोणी केलं?"

"काय?"

"हा खून."

कुनिहिको पुढे वाकला. "का? काही बिघडलंय? एका ओळखीच्यानं जरा धार लावून दिली होती."

"त्या ओळखीच्याला म्हणावं, पुढच्या वेळी चमच्यालाही लाव. भात कापून खाता येईल."

तिनं गल्ल्याखालून लाकडाचा एक ठोकळा काढला. त्यात कॅमेऱ्याचे दहा-बारा जुने स्क्रू बसवलेले होते. मागच्या खणातून तिनं एक नवा ड्रायव्हर काढला, त्याचं टोक स्क्रूच्या फुलीत ठेवलं आणि हात सोडला. ड्रायव्हर आपला आपण उभा राहिला. मग तिनं तोमोएचा ड्रायव्हर ठेवला आणि हात सोडला. तो लगेच आडवा झाला.

"बघा जवळून. याचं टोक कसं आहे?"

"बोथट आहे," कुनिहिको म्हणाला.

"बोथट नाही, बसकं. आपल्या कॅमेऱ्यांच्या स्क्रूची खाच उथळ असते. टोक बसकं असलं की चारी पाकळ्या खाचेच्या कडांना घट्ट धरतात. अणीदार केलंत की अणी तळाला टेकते, पाकळ्या हवेत राहतात आणि ड्रायव्हर नुसता नाचतो. दाबलं की उडालाच. परदेशी टोकदार ड्रायव्हर मागवून पोरं घरी कॅमेरे उघडायला बसतात, स्क्रू चावून ठेवतात आणि मग इथे येऊन डोळे पुसतात. आणि हे चपटे बघा. यांचे दोन्ही गाल समांतर होते, ते निमुळते करून टाकलेत. पाचर केलीये. पाचर खाचेत राहील का कधी?"

कुनिहिकोनं आडवा पडलेला ड्रायव्हर उचलला. "ती म्हणते, तिचा हात गेला."

"कोण, तोमोए?"

"मंगळवारी निसटला. तीनदा. तेव्हापासून ती..."

हिसाआजीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "या टोकांनी देवाचा हातसुद्धा गेला असता."

दुकानात रॉकेलच्या शेगडीवर किटली खदखदत होती. कुनिहिकोनं टोपी काढली. "आजी, तो ओळखीचा म्हणजे मीच."

"ते तुम्ही रुमाल पुढे केलात तेव्हाच कळलं मला. दगडाचा गाळ नखांत घेऊन फिरता. माझीही सुरी तुमच्याचकडे असते की दर महिन्याला!"

त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्याच वेळी छातीतून काहीतरी हलकं होऊन वर येत होतं, कारण तोमोएचा हात गेला नव्हता. गेली होती ती त्याची अक्कल.

"मला नवीन द्या," तो घाईघाईनं म्हणाला. "सगळ्यात चांगला संच द्या. तो काचेतला." काचेच्या कपाटात चामड्याच्या पाकिटात बत्तीस तुकड्यांचा संच चमकत होता.

"त्याला हात लावू नका. बत्तीस घेऊन काय वरात काढायचीये त्यांची? घरी बसून कॅमेरा दुरुस्त करायला फुलीचे दोन लागतात, बारीक आणि अतिबारीक. चपटे दोन. बाकी तिच्याकडे चिमटा आहे, भिंग आहे, लेन्सची कडी फिरवायचं रबर आहे. सुटे घ्या, आणि एकेक पारखून घ्या. डबीवर काय लिहिलंय ते वाचू नका. स्क्रू काय म्हणतो ते बघा."

तिनं त्याच्यापुढे ठोकळा सरकवला आणि खणच्या खण ओतला. कुनिहिको पारखायला बसला. टोक खाचेत ठेवायचं, हात सोडायचा. पडला तर बाजूला. उभा राहिला तर ठोकळा जरासा तिरका करून बघायचा. तरीही राहिला तर हळूच वळवून बघायचं, खाचेत किती हलतो ते. एकाच कारखान्यातले, एकाच नंबरचे दोन ड्रायव्हर, पण एक उभा राहायचा आणि दुसरा डुलायचा. आठातले चार बाद झाले. पाइपवर पाना बसला की नाही हे त्याला डोळे मिटून कळायचं, पण इतक्या बारीक कामात हात घालायची त्याची पहिलीच वेळ होती. तासाभरानं त्याला आपल्या बोटांतून काहीतरी कळू लागलं. खरं टोक बसलं की किंचित ओढ लागते. हिसाआजी चहा ओतत होती, पण तिचं लक्ष होतं. एकदाच म्हणाली, "हां, आता आलं."

चार टोकं ठरली. मग ती म्हणाली, "आता मूठ. टोकं काढून कुठल्याही मुठीत बसवता येतात. जाड देऊ की बारीक?"

"ती... साधारण."

"सांधे सुजलेत ना तिचे? कुठल्या बोटांचे?"

"उजव्या हाताचे."

"ते मलाही कळतं. कुठल्या बोटांचे? अंगठ्याचा? मधल्याचा? हे बघा, मुठीच्या माथ्यावर ही फिरती टोपी असते. तिच्यावर बोट टेकवून दाब द्यायचा आणि बाकीच्या बोटांनी फिरवायचं. ती टोपीवर कुठलं बोट ठेवते?"

कुनिहिकोनं टोपीवर आधी अंगठा टेकवून पाहिला, मग मधलं बोट. गावातला कुठला व्हॉल्व्ह कुठल्या रस्त्याखाली आहे आणि किती आटे फिरवल्यावर बंद होतो, हे तो आजही झोपेत सांगू शकला असता. बायको टोपीवर कुठलं बोट ठेवते, ते त्याला माहीत नव्हतं.

"पंचेचाळीस वर्षं संसार केलात ना?" हिसाआजीनं विचारलं, पण आवाज चढवला नाही. "दोन्ही मुठी घेऊन जा. नको असेल ती परत आणा. आणि तिची जुनी पेटीही घेऊन जा. ती मी ठेवून घेणार नाही."

घरी आला तेव्हा तोमोए खाली मेजाशी बसून मोमोसेंचा कॅमेरा मऊ कागदात गुंडाळत होती. कुनिहिकोनं दारातच गुडघे टेकले, दोन्ही पंजे चटईवर ठेवले आणि कपाळ खाली लावलं.

तोमोएच्या हातातला कागद गळला. "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. तुझा हातसुद्धा गेलेला नाही."

"काय बोलताय? उठा आधी. गार पडलीय चटई."

तो उठला नाही. कपाळ खाली ठेवूनच त्यानं सगळं सांगितलं. दवाखान्याचा दिवस, उघडी पेटी, पाच तास, तीन दगड. सांगून झालं. मान वर केली, तर ती पेटी उघडून, डोळ्याला भिंग लावून, दिव्याखाली एकेक ड्रायव्हर बघत होती. पहिल्यापासून बाराव्यापर्यंत.

"बाराही?"

"बाराही."

"आणि वर तेलही लावलंत."

"हो."

"क्रमही चुकवला नाहीत."

"नाही."

तिनं शेजारची उशी उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. मग परत एकदा घातली. "तीन दिवस! तीन दिवस मी हा हात लपवत होते! रात्री झोपेतसुद्धा मूठ आवळून धरली होती मी! आणि हा माणूस मला संत्रं देतो!"

"मार. अजून मार."

"या हातानं उशीच मारता येते म्हणून वाचलात." तिला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आवरेनात म्हणून तिनं उशीतच तोंड खुपसलं. कुनिहिको पुढे सरकला आणि नुसताच बसून राहिला. पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटत होतं, पण तशी सवय नव्हती.

तोंड वर काढून तिनं विचारलं, "पण कशाला? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"मला वाटलं, हत्यारं बोथट आहेत म्हणून तुझी बोटं दुखतात."

तोमोएनं डोळे पुसता पुसता थांबून त्याच्याकडे पाहिलं. "बोटं दुखतात हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज संध्याकाळी चोळतेस की. बातम्या लागल्या की सुरू करतेस."

"दोन वर्षांत एका शब्दानं बोलला नाहीत."

"म्हणून तर धार लावली," तो म्हणाला.

तिनं कॅमेऱ्यावरचा कागद सोडवला आणि कॅमेरा घेऊन ती जिना चढायला लागली. चौथ्या पायरीवरून ओरडली, "ते नवीन घेऊन या वर. बघू काय आणलंत, धार मास्तर."

टेबलावर तिनं चारही टोकं भिंगाखाली धरली, ठोकळ्याशिवायच. "हिसाआजीनं निवडली?"

"मी निवडली."

"खोटं."

"आजीला विचार."

तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि टोकं निळ्या फडक्यावर मांडली. मुठी मात्र तिनं दोन्ही हातात घेऊन पाहिल्या आणि बारीक बाजूला सारली. जाड मूठ तिनं धरली तेव्हा कुनिहिको टेबलाच्या कडेला नाक लावून बघत होता. अंगठा आणि मधलं बोट मुठीला, तर्जनी टोपीवर. तर्जनीचा मधला सांधा लाल होता आणि किंचित आत वळला होता. हे आज, सत्तरीला आल्यावर, त्याला दिसलं.

चावलेल्या स्क्रूच्या डोक्यावर तिनं नखांचा रंग काढायच्या पाण्याचा थेंब सोडला, स्क्रू धरून ठेवणारी आतली लाख मऊ व्हावी म्हणून, आणि तो मुरेपर्यंत वाट पाहिली. मग तिनं टोक खाचेत ठेवलं आणि हात सोडला. अर्धी फुली चावली गेली होती, तरी ड्रायव्हर उभा राहिला.

"सात-तीन," ती म्हणाली आणि तिनं टोपीवर बोट टेकलं.

टोक निसटलं नाही. पण स्क्रूही हलला नाही. तिनं पुन्हा दाब दिला. तर्जनी नखाशी पांढरी झाली. तिनं ओठ आवळून आणखी दाबलं आणि एकदम हात काढून घेतला. कुशीत धरून बसली.

"तीन येतात," ती हळू म्हणाली. "फिरवायला अजून येतंय. सात येत नाहीत. तुमच्या धारेचा दोष होता, पण सगळा नव्हता. थोडा हातही गेलाय. बरं झालं, किती गेलाय ते तरी कळलं." चिठ्ठी अजून खाली मेजावर होती, आणि कुरिअरवाला उद्या यायचा होता.

कुनिहिकोनं आपल्या पंजाकडे पाहिलं. अडतीस वर्षं पाने आवळलेला, ताटलीएवढा, नखांत दगडाचा गाळ भरलेला. त्यानं तो विजारीला पुसला.

"सात माझ्याकडे आहेत," तो म्हणाला.

"वेडे आहात का? तुम्ही दाबलंत तर कॅमेरा टेबलातून खाली जाईल."

"मग काटा आण."

तोमोए त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली गेली आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आली. तो निळ्या फडक्यावर ठेवून तिनं त्याच्या हातात बारीक मुठीचा ड्रायव्हर दिला. "सरळ. खांदा नका आणू, नुसतं बोट. जास्त झालं. कमी करा. काटा इथे राहिला पाहिजे, या रेघेवर. हलू देऊ नका. श्वास सोडा हो, नळ फुटलेला नाहीये." त्याची बोटं भरून आली, मानेला घाम आला. बाहेर उजेड उतरत गेला तेव्हा तिनं दिवा लावला, आणि काटा रेघेवर शंभर अंक मोजेपर्यंत टिकला तेव्हाच वजनकाटा बाजूला घेतला.

मग तिनं जाड मुठीचा ड्रायव्हर पुन्हा स्क्रूवर उभा केला. कुनिहिकोनं टोपीवर आपली तर्जनी टेकली. तिनं तिच्याखाली, मुठीभोवती, आपला अंगठा आणि मधलं बोट धरलं. तिची बोटं गार होती. एवढ्या वर्षांत इतका वेळ त्यांचे हात कधी एका जागी राहिले नव्हते.

"मोमोसेंची चिठ्ठी नव्यानं लिहावी लागेल," ती स्क्रूवरची नजर न काढता म्हणाली. "ओरखडा कोणाकडून गेला म्हणून लिहू?"

"माझ्याकडून लिही. मास्तर म्हणूनच लिही."

"सात," ती म्हणाली. त्यानं दाबलं.

"तीन," तिनं स्वतःला सांगितलं आणि फिरवलं. टक् असा बारीक आवाज झाला आणि स्क्रू सुटला. चिमट्यानं उचलून तिनं तो ताटात ठेवला. कुनिहिकोनं बोट काढून घेतलं आणि तो तिच्या तोंडाकडे बघू लागला.

"हात कुठे नेला?" तोमोए म्हणाली. "ठेवा इथे. अजून पाच आहेत."